उंचवट्यावरचे गाव

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील क्रेस्टन हे गाव रेल्वेने जन्मास घातले. १८६८ साली माळावरील एका उंचवट्यावर बर्लिंग्टन रेल्वेच्या मोजणीदारांची छावणी पडली. त्या उंचवट्यावरूनच गावाला नाव मिळाले. पुढे इंजिनदुरुस्तीचे कारखाने आले, कामगार आले, त्यांच्यामागोमाग दुकानदार आले. १९०० साली लोकवस्ती ७,७५२ होती.

कालांतराने वाफेची इंजिने गेली. डिझेलच्या इंजिनांना जागोजागी कोळसा-पाणी लागेना, पूर्वीइतके कारागीरही लागेनात. एकाच गिऱ्हाइकावर उभी असलेली पेढी त्याचा हात आखडताच बसते, हा अनुभव आपणांस नवा नाही. क्रेस्टन मात्र बसले नाही. भोवतालची शेती, नवे कारखाने आणि महाविद्यालय यांनी त्यास सावरले. २०२० च्या जनगणनेत तेथे ७,५३६ माणसे नोंदली गेली.

१८९९ साली उभारलेल्या भव्य स्थानकाच्या इमारतीत आता नगरपालिकेचे कार्यालय आहे. शिकागोहून पश्चिमेस जाणारी प्रवासी गाडी मात्र क्रेस्टनला अजूनही थांबते. एकशेवीस वर्षांच्या हिशेबात या गावाला नफा दिसत नाही. पण मुद्दल जवळजवळ शाबूत आहे. आधार सुटल्यावर मुद्दल राखणे, हीदेखील मोठीच कमाई होय.