विंदांचा कप्पा

पाऊस थांबेना, म्हणून कपाट आवरायला घेतलं आणि कवी विंदा करंदीकरांपाशी अडकलो. 'स्वेदगंगा' (१९४९), तिला खेटून मुलांसाठीची 'राणीची बाग', मग 'विरूपिका', ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, 'राजा लिअर'. एकाच माणसाचा हा संसार! याला एक सूत्र हवंच का?

मला वाटतं, सूत्राची निकड आपल्यालाच जास्त. प्रस्तावना लिहायची असते, तासाभरात व्याख्यान उरकायचं असतं. कोणी मार्क्सवादाचा धागा धरतो, कोणी विज्ञाननिष्ठेचा. धागे खोटे नाहीत. पण मुलांच्या कवितांतला वात्रटपणा त्यांत ओवायला गेलं की मणी घरंगळतो. (तो मग तळटीपेत जातो.)

गंमत अशी, की पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावर विंदांनी स्वतःचं दर्शन मांडलं नाही, 'अष्टदर्शने' लिहिलं. देकार्त, स्पिनोझा, कांट, हेगेल, शोपेनहॉवर, नीत्शे, बर्गसाँ. आणि शेवटी आपला चार्वाक! एकमेकांशी न पटणारी आठ माणसं एका पंगतीला. त्यांत विंदांचं स्वतःचं कोणतं? चार्वाकाकडे जरा झुकतं माप दिसतं खरं. की ती माझीच हौस?

'राणीची बाग' घेऊन तिथंच फरशीवर बसलो. आवरणं राहिलं. मुलांची पुस्तकं कुठल्या कप्प्यात ठेवायची, तेही.