अबाबील

आमचं गाव बपेरा, तुमसर तालुक्यातलं. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. नोकरी दूरच्या उर्दू शाळेत असल्यानं गावी येणं सुट्टीपुरतंच.

मागे एकदा उर्दूच्या तासाला 'अबाबील' हा शब्द आला. खिडकीबाहेर तारेवर माळभिंगऱ्या बसल्या होत्या. आम्ही बोट दाखवून सांगितलं, "अब्रहाच्या हत्तीवाल्या लष्करावर खडे टाकणारे पक्षी ते हेच." एक मुलगी उठली. "सर, एवढ्याशा चोचीत खडा मावतो?" वर्ग हसला. आम्ही तिला दटावून खाली बसवलं. त्यानंतर तिनं कधी काही विचारलं नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये, रमजानात, इतवारी गावी होतो. असरनंतर ओळखीच्या ढिवरकाकांनी डोंग्यात घेतलं. "हलू नका, गुरुजी," एवढंच ते बोलले. ऊन उतरलं तशा माळभिंगऱ्या जमू लागल्या. आधी पाच-दहा, मग मोजता येईनात. उडता उडता पाण्याला चोच लावत, किडे टिपत, आमच्या डोक्यावरून फिरत होत्या. वजन जेमतेम वीस ग्रॅम; उन्हाळ्याआधी हिमालयाकडे, त्याही पलीकडे, घरटी करायला जायचं. गावातून मगरिबची अजान आली तसा तो सारा थवा लव्हाळ्यात उतरला. आम्ही खजुरानं रोजा सोडला. काकांनी आपली फुटाण्यांची पुरचुंडी तोवर उघडली नव्हती.

रात्री तफसीर काढून पाहिली. अरबीत 'अबाबील' म्हणजे थव्यामागून थवे. पक्ष्याचं नाव तो उर्दूत झाला. सूरेत पक्ष्याची जात सांगितलेलीच नाही. म्हणजे त्या मुलीचा सवाल बेअदबी नव्हता. आमचंच उत्तर कच्चं होतं.

सालिम अली लहानपणी मेलेली एक चिमणी घेऊन, ही कोणती, एवढंच विचारायला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले होते. तिथं त्यांना कुणी दटावलं नाही. पुढं १९४१ साली त्यांनी भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक दिलं.

सोमवारी वर्गात फळ्यावर शब्द लिहिला, खरा अर्थ सांगितला आणि त्या दिवशी आमचं चुकलं होतं हेही सांगितलं. ती मुलगी मान खाली घालून ऐकत होती. तास संपता संपता तिनं हात वर केला.

"सर, ते इतके लांब जातात, तर वाट कशी ओळखतात?"

आम्ही खडू ठेवला. घंटा झाली होती, पण कुणी उठलं नाही.