न्यूकॅसलचा डॅनियल आणि आपली आजी



परदेशी सिनेमाचं नाव काढलं की आपल्या चळवळीतली पोरं हसतात. हे पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायटीवाल्यांचं खूळ, वणीच्या कोळशाच्या धुळीत त्याचं काय काम? बरीच वर्षं मीही हेच म्हणायचो.

मग मोबाईलवर केन लोच यांचा 'आय, डॅनियल ब्लेक' (२०१६) पाहिला. न्यूकॅसलचा एक वयस्कर सुतार. त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय. डॉक्टर म्हणतात काम करू नको, सरकारी खातं म्हणतं तू कामाला लायक आहेस. अर्ज ऑनलाइनच भरायचा आणि याला माऊस धरता येत नाही.

त्याच आठवड्यात मी एका आजीला घेऊन निराधारच्या पगारासाठी तिसऱ्यांदा एका कार्यालयात गेलो होतो. हयातीचा दाखला हवा होता. आजी समोर उभी! पण मशीन तिचा अंगठा घेत नव्हती. आयुष्यभर निंदण आणि कापूसवेचणी करून बोटांच्या रेघा गेलेल्या. खुर्चीवरचा माणूस म्हणाला, "मशीनच घेत नाही, मी काय करू?" सिनेमातल्या टेबलामागच्या बऱ्याच लोकांचा सूर हाच आहे. सगळे नियमाने वागतात आणि डॅनियल मरतो.

फरक एकच. डॅनियल चिडून कार्यालयाच्या भिंतीवर रंगाने आपलं नाव लिहितो, तेव्हा रस्त्यावरचे अनोळखी लोक टाळ्या वाजवतात. आमच्या आजीने नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "पूर्ण नाव?" म्हणजे आडनाव. ते ऐकल्यावर बदललेली नजर कुठल्या फॉर्मवर नोंदवायची?

डी सिका यांच्या 'बायसिकल थीव्ह्ज'ला (१९४८) सगळे समीक्षक वैश्विक म्हणतात. म्हणू देत, मलाही तो फार आवडतो. सायकल चोरताना पकडलेल्या बापाचा अपमान लहान मुलगा बघतो, ते पाहून मीही रडलो. पण 'फँड्री'त जब्याचं कुटुंब डुकरामागे धावतं, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. शाळेतली पोरं हे सगळं बघत असतात. याला मात्र 'जातीवरचा सिनेमा' म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकायचं. रोमचा गरीब तो माणूस आणि आपला गरीब तो 'विषय', हे कोणी ठरवलं?

डी सिकांचा नायक खराखुरा कारखाना कामगार होता. आपल्याकडे 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे झाले ते नागपूरचे वीरा साथीदार. तेही आधी कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक. त्या सिनेमाला २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने वीरादादांना नेलं. आपल्या किती पोरांनी 'कोर्ट' पूर्ण पाहिलाय, खरं सांगा.

मागच्या महिन्यात विहारात लॅपटॉपवर डॅनियल ब्लेक दाखवला. इंग्रजी बहुतेकांना कळत नव्हतं, मी थांबवून थांबवून सांगत होतो. दोन लेकरांची आई केटी फूड बँकेत भुकेने डबा उघडून तिथेच खायला लागते. तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "हिचं रेशन कार्ड नाही का?" कोणीतरी म्हणालं, "तुझं तरी कुठं आहे?" सिनेमा तिथेच थांबला. अर्धा तास रेशनवरच बोलणं चाललं आणि दोन नावं मी वहीत लिहून घेतली.