आवाज फुटण्याच्या दिवसांत

गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या मुलानं गाणं सोडलं. तसं जाहीर केलं नाही त्यानं. आधी क्लासच्या दिवशी पोट दुखायला लागलं, मग अभ्यास निघायला लागला. एका गुरुवारी मी स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभी होते, तर म्हणाला, "आई, तिथे सगळे हसतात मला." तेरा वर्षांचा होता.

सहा वर्षं तो त्याच क्लासला जात होता. काळी चारमध्ये तार षड्ज असा लावायचा, की सोसायटीच्या गणपतीत शेजारच्या आजी मुद्दाम पुढच्या खुर्चीत येऊन बसायच्या. दिवाळीनंतर तोच षड्ज चिरकायला लागला. खाली मंद्रात गेला की नुसती हवा. क्लासमध्ये वीस मुलं आणि सगळ्यांना एकच पट्टी. शिक्षक म्हणायचे, रियाज कमी पडतोय. मध्यमा प्रथमचा फॉर्म भरायचा होता.

सगळा दोष त्यांच्यावर टाकून मी मोकळी होऊ शकते, पण ते खरं नाही. सकाळी साडेसहाला त्याला उठवून इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून देणारी मीच होते. आवाज फुटतोय हे मला कळत नव्हतं असंही नाही. फोनवर त्याला लोक त्याचा बाबा समजायला लागले होते. पण सहा वर्षांची मेहनत वाया जाईल या भीतीनं मी त्याला रोज वरच्या षड्जाकडे ढकलत राहिले.

नंतर शांतपणे वाचलं. या वयात मुलांचं स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. काहींचं हे काही महिन्यांत उरकतं, काहींना दोन वर्षंही लागतात. तेवढ्या काळात जुनी पट्टी धरून ताणलं, तर हाती फक्त घशाचा थकवा लागतो. सहावीतल्या मुलाची पँट आखूड झाली, तर आपण पायाला दोष देत नाही. इथे मी तेच करत होते.

मग नवीन गुरू शोधायला निघालो. पुण्यात गाण्याच्या क्लासला तोटा नाही. कोथरूडपासून सदाशिव पेठेपर्यंत जिन्याजिन्यावर पाट्या आहेत. अडचण निवडीची असते, आणि निवडताना आपण चुकीचे प्रश्न विचारतो. मीही आधी तेच विचारले होते: फी किती, कितव्या परीक्षेपर्यंत शिकवता, गुरुजी कोणाचे शिष्य?

पहिल्या ठिकाणी बाईंनी मुलाकडे न बघताच मला विचारलं, "कुठपर्यंतच्या परीक्षा झाल्यात?" दुसरे गृहस्थ स्वतः उत्तम गायचे. पण शिकवताना पट्टी त्यांची, ताना त्यांच्या. समोरची मुलं त्यांच्या मागून धावत होती. दहा जणांसमोर त्यांनी माझ्या मुलाला "म्हण काहीतरी" म्हटलं. तो मान खाली घालून बसून राहिला. परतीच्या वाटेवर अलका टॉकीजच्या सिग्नलला म्हणाला, "आता नको ना कुठे."

तिसऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. दोन खोल्या, सतरंजी, कोपऱ्यात मिरजेचे दोन तानपुरे. मी परीक्षांचं सांगायला लागले, तर म्हणाल्या, "तुम्ही जरा थांबा. याच्याशी बोलू दे." मग त्याला गाण्याविषयी सोडून सगळं विचारलं: शाळा, क्रिकेट, कुत्रा. तो बोलत असताना पेटीवर एक-एक सूर दाबून बघत होत्या. त्याचा बोलण्याचा आवाज कुठे बसतो, ते शोधत होत्या हे मला फार उशिरा कळलं. पट्टी काळी एकपर्यंत खाली आणली आणि म्हणाल्या, "सा ते प. वर जायचं नाही. जिथे टोचेल तिथे तू थांबायचं, मला विचारायचं नाही."

पाच सूर. सहा वर्षं शिकलेल्या मुलाला पाच सूर. मला वाईट वाटलं, त्याला मात्र हायसं वाटलं.

त्या वर्षी परीक्षा नाही असं बाईंनी सांगून टाकलं. गाणं पंधरा मिनिटं, बाकी वेळ तानपुरा लावायचा आणि ऐकायचं. पंचम, जोडीचे दोन षड्ज, खर्ज. पहिले दोन महिने त्याला तानपुरा लावायला अर्धा तास लागायचा. स्वतःच्या गळ्यावर विश्वास नसलेल्या मुलाला कानावर विश्वास ठेवायला शिकवणं, असं काहीतरी ते होतं. कोणी हसायला नव्हतं, कारण त्या तासाला दुसरं कोणी नव्हतंच.

गुरू शोधण्याची गोष्ट निघाली की आपल्याकडे भीमसेन जोशींचं उदाहरण येतंच. वयाच्या अकराव्या वर्षी गदगहून घर सोडलं, ग्वाल्हेर, जालंधर अशी वणवण केली. जालंधरला त्यांना विनायकबुवा पटवर्धन भेटले, ज्यांनी 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं होतं. बुवांनी सांगितलं, इतक्या लांब कशाला, तुझ्या गावाजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. ही गोष्ट आपण शिष्याच्या तळमळीसाठी सांगतो. मला आता त्यातले विनायकबुवा जास्त दिसतात. स्वतः एवढे मोठे शिक्षक असून, समोर आलेल्या पोराला ते दुसऱ्याचा पत्ता देतात. या मुलाला आत्ता काय हवं, एवढंच त्यांनी बघितलं असावं.

म्हणून आता कोणी विचारलं, की मुलाला गाण्याला कुठे घालू, तर मी नाव सांगत नाही. सांगते, एक तास क्लासमध्ये कोपऱ्यात बसा. पट्टी कोणाची आहे ते बघा, शिक्षकाची की मुलाची? मूल चुकल्यावर काय होतं? आणि शिक्षक कधी "आज गाऊ नकोस" म्हणतो का? मी हे सहा वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. मी खाली स्कूटरवर बसून मोबाइल बघायचे.

मुलगा आता पंधराचा होईल. आवाज काळी एकच्या आसपास स्थिरावतोय, यमनचा छोटा ख्याल चालू आहे. मध्यमा द्यायची का, हे त्यानं ठरवलेलं नाही आणि मी विचारत नाही. पूर्वीसारखा तो चमकत नाही. गणपतीत गात नाही. रात्री दार लावून तानपुरा लावत बसतो, तेवढं ऐकू येतं.

माझ्या फोनमध्ये त्याचं जुनं रेकॉर्डिंग आहे, दहा वर्षांचा असतानाचं. मध्यंतरी मी ते लावलं, तर म्हणाला, "बंद कर ना, तो मी नाहीये." बरोबरच होतं त्याचं. मी बंद केलं. तो घरी नसताना कधीतरी ऐकते.