किल्टमध्ये थंडी वाजत नसेल काय?

स्कॉटिश पलटणीच्या संचलनाचे छायाचित्र पाहिले की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो : गुडघे उघडे टाकणाऱ्या या वेषात हिवाळा निभावतो कसा? प्रश्न रास्त आहे. मात्र तो अर्ध्याच वस्त्राविषयी विचारलेला असतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्स भागात रुळलेले मूळ वस्त्र म्हणजे मोठा प्लेड. मागाचा पन्हा अरुंद, म्हणून दोन पट्टे जोडून शिवलेले, चार-पाच मीटर लांबीचे जाड लोकरी कापड. निऱ्या घालून कमरेला पट्टा आवळायचा. पट्ट्याखालचा भाग गुडघ्यापर्यंत. वरचा मोकळा भाग खांद्यावर, पाठीवर, पाऊस आला तर डोक्यावर. रात्री पट्टा सोडला की तेच अंथरूण, तेच पांघरूण. धनगराच्या घोंगडीची खोळ ज्याने पाहिली आहे त्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

१७३०च्या सुमारास तेथे राहिलेल्या एडमंड बर्ट या इंग्रजाने एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली आहे. कोरड्या, वाऱ्याच्या थंडीत डोंगरावर निजण्याची वेळ आली, तर हे लोक प्लेड चक्क ओढ्यात भिजवत, गिरक्या घेत स्वतःला त्यात गुंडाळून घेत आणि टेकडीच्या आडोशाला आडवे होत. अंगाच्या उबेने त्यातून उकळत्या किटलीसारखी वाफ निघे. ओल्याने कापड दाटते आणि वारा आत शिरत नाही, असे त्यांचे म्हणणे. हे वेडेपण नव्हे. लोकरीचे तंतू ओलाव्याने फुगतात. आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश बाष्प लोकर शोषून घेते आणि शोषताना थोडी उष्णताही सोडते. सुती कापडाने हा प्रयोग करणारा सकाळ पाहीलच, याची खात्री देता येत नाही.

१७४६मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंड चिरडले गेले आणि ब्रिटिश संसदेने या पोशाखावरच बंदी घातली. १ ऑगस्ट १७४७पासून तो वापरणाऱ्या पुरुषास सहा महिने कैद. पुन्हा सापडल्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सरकारी पलटणींतील सैनिकांना तेवढी मोकळीक. कायद्याला त्यात बंडाचा गणवेश दिसला; गुराख्याच्या अंगावरून मात्र कोट, तंबू आणि बिछाना एकदमच गेला.

१७८२मध्ये बंदी उठली, पण तोवर एक पिढी उलटली होती. आता मान मिळाला तो कमरेखालच्या भागापुरत्या उरलेल्या छोट्या किल्टला. १८२२मध्ये चौथा जॉर्ज एडिनबरोला तो नेसून मिरवला, आत गुलाबी तंग विजार चढवून. आणि महिना ऑगस्टचा होता!

या छोट्या किल्टलाही पुष्कळ कापड लागते. पूर्ण मापाच्या किल्टला सुमारे सात मीटर. मागे निऱ्यांचे थर, पुढे दुहेरी पदर, त्यामुळे कंबर आणि मांड्या उबदार राहतात. पोटऱ्या जाड लोकरी मोजे सांभाळतात. उघडे राहतात ते गुडघे, आणि वारा व पाऊस अडवणारा वरचा भाग तर केव्हाच गेलेला.

याची खरी किंमत पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत मोजावी लागली. चिखलपाण्याने जड झालेल्या निऱ्या थंडीत गोठत आणि त्यांच्या कडा गुडघ्यांमागची कातडी कापत. निऱ्यांच्या उबेत उवा माजत, त्या वेगळ्याच. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी किल्ट रणांगणावरून मागे घेण्यात आला. संचलनासाठी तो राहिला.