एकच प्रवेश

मेजुगोरियेच्या यात्रेला निघताना सर्वांचे पासपोर्ट मी स्वतः मोजले होते. व्हिसा मात्र वाचले नव्हते. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. मेजुगोरिये शेजारच्या बोस्निया-हर्झेगोव्हिनात, म्हणजे त्या क्षेत्राबाहेर. अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा असल्यास तेथे ३० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. एकाच प्रवेशाचा असेल, तर सीमा ओलांडताच तो संपतो आणि परतीची वाट बंद होते.

स्प्लिट शहरी आदल्या रात्री आमच्या धर्मग्रामातील एका आजींच्या व्हिशावर मला '०१' दिसले. अर्ज भरणाऱ्यावर रागावून काय उपयोग? वाचायचे काम माझे होते.

"फादर, तुम्ही जा," आजी म्हणाल्या, "माझी जपमाळ तेवढी न्या." त्यांची सून त्यांच्यासोबत राहिली. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राट डायोक्लेशनच्या समाधिगृहाचेच तेथे कॅथीड्रल झाले आहे. त्या दोघी दिवसभर तेथे बसल्या.

मेजुगोरियेच्या टेकडीवर ती जपमाळ हाती असूनही माझे मन प्रार्थनेत लागले नाही. रात्री परतल्यावर माफी मागायला तोंड उघडले, तोच आजींनी विचारले, "फादर, जेवलात का?"