शेऱ्याचा रकाना

ताजं काँक्रीट साच्यात कसं वाहील, याचं गणित मी संगणकावर मांडतो. समीकरणं पुस्तकांतून मिळाली; काँक्रीट ओळखायला शिकवलं ते कॉलेजच्या लॅबमधल्या मामांनी. हुद्दा हेल्परचा, शाळा नववीपर्यंत.

स्लम्प टेस्ट सगळेच करतात. ३० सेंटिमीटर उंचीचा शंकू, ३ थर, दर थराला सळईचे २५ ठोसे. शंकू सरळ वर उचलायचा आणि माल किती खचला ते मोजायचं. आम्ही आकडा लिहून मोकळे. मामा मात्र उकिडवे बसून खालच्या पत्र्याच्या कडेला सळईने हलकेच टकटक करत. ढीग एकसंध पसरला तर मान हलवत. खडी सुटली किंवा पाणी पाझरलं, तर रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात लिहीत.

एकदा दोन घाण्यांचा स्लम्प सारखाच आला. मामा थापी फिरवून म्हणाले, "हा चिकट आहे. पंपाला जड जाईल." याचा उलगडा मला पुढे काँक्रीटच्या प्रवाहीपणावरचं टॅटरसॉल यांचं लिखाण वाचताना झाला. काँक्रीट एका आकड्यावर जोखता येत नाही, असा टॅटरसॉल यांचा आग्रह. माल हलायला किती जोर लागतो हा एक आकडा, हलू लागल्यावर तो किती अडतो हा दुसरा. मुळात ही मांडणी बिंगहॅम यांची, १९२२च्या पुस्तकातली. स्लम्पमधून मुख्यतः पहिला कळतो. दुसरा मामांच्या थापीला कळायचा.

पहिलं सिम्युलेशन त्यांना कौतुकाने दाखवलं. सळयांच्या जाळीतून काँक्रीट झकास वाहत गेलं. मामांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. "यात खडी कुठाय रे?"

सगळा माल एकजिनसी द्रव धरला होता. मोकळ्या स्लॅबला तेवढं चालतं. दाट सळयांत मात्र खडी एकमेकींना टेकून कमान धरते आणि मागचा माल तुंबतो. ते दिसायला कण सुटे धरून त्यांच्या टकरी मोजाव्या लागतात. संगणकाला मग रात्र पुरत नाही.

मॉडेल पडताळायला शेवटी ते रजिस्टरच काढलं. 'खडी मागे राहते.' 'अर्धा तास ठेवला, ताठरला. ढवळल्यावर सैल.' स्थिर मालाचा ताठरपणा वेळेबरोबर वाढवत नेणारं पद माझ्या कोडमध्ये आलं ते या ओळीवरून. या ताठरण्यावरचे रूसेल यांचे निबंध नंतर वाचले.

प्रबंधाच्या आभारात मामांचं नाव गाइडच्या खालोखाल आहे. रजिस्टर कॉलेजच्या मालकीचं, म्हणून त्याची झेरॉक्स काढून घेतली. मामांना हसू आलं. म्हणाले, "आकडे तर सगळे तुम्हीच लिहिलेत की!"